मामींनी सांगितलेल्या चार गोष्टी

विमानाचं दार बंद झालं आणि चिमीनं भोकाड पसरलं. पाच महिन्यांचा एवढासा जीव, पण पुढच्या चार रांगांतली डोकी एकदम मागं वळली. मी एका हातानं तिला छातीशी धरलं होतं, दुसऱ्या हातानं सुजयचा पट्टा लावत होतो आणि दुधाची बाटली दातांत धरली होती. सुजय तीन वर्षांचा. त्याला पट्टा नको होता, खिडकी हवी होती. खिडकी मिळाली तर ती उघडून हवी होती.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला रविवार. मस्कतहून मुंबईला येणारं सकाळचं विमान. तिथं मी सहा वर्षं मोठमोठ्या इमारतींच्या नळजोडणीवर फोरमन होतो. चाळीस माणसं हाताखाली असायची, आणि माझ्या आवाजानं मजले गप्प होतात असं लोक म्हणायचे. त्या दिवशी दोन पोरांनी माझी सगळी मिजास उतरवली.

खरं सांगायचं तर पोरांची मला एवढी धास्ती नव्हती. डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. संध्याकाळी जुन्नरला पोचल्यावर सासूबाईंसमोर उभं राहून जे बोलायचं होतं ते. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. ‘मामी, जरा बसून घ्या,’ इथपर्यंत ते वाक्य नीट जायचं आणि तिथंच तुटायचं.

विमान धावपट्टीकडे निघालं तशी मी चिमीच्या तोंडात बाटली दिली. तिनं जिभेनं ती बाहेर ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा दूध माझ्या शर्टावर सांडलं. कडेच्या जागेवर दापोलीकडच्या जैनबबी म्हणून एक वयस्कर बाई होत्या, मुलाकडे राहून गावी निघालेल्या. त्या मघापासून माझी तारांबळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. बापयानं बाटली धरली की ती अशीच धरली जाते, असं काहीतरी म्हणून त्यांनी मला इकडे तिकडे बघत विचारलं, “पोरीची आई कुठं बसलीय? तिला ये म्हणा की हितं. मी उठते.”

मी काही बोलायच्या आत सुजय म्हणाला, “आई खाली आहे.”

“खाली कुठं?”

“विमानात खाली. बाबांनी सांगितलं.” आणि त्यानं पट्ट्यातून खाली घसरून बुटाची टाच जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. “आई, आम्ही वर आहोत.”

जैनबबींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. कशाला लपवायचं? माझी बायको वैजयंती त्याच विमानात, सामानाच्या कप्प्यात, लाकडी पेटीत होती. मंगळवारी सकाळी डोकं ठणकतंय म्हणाली, चहाचं आधण गॅसवर ठेवलं आणि ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणतीस वर्षांची होती. पुढचे चार-पाच दिवस मी कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत पळत राहिलो. माणूस नेण्यासाठी इतके शिक्के लागतात हे मला माहीत नव्हतं.

 जैनबबींनी पदर तोंडाशी धरला, ओठातल्या ओठात काही म्हटलं, आणि चिमीला घ्यायला हात पुढं केले. पण चिमी त्यांच्याकडेही राहीना. पाच दिवस तिला शेजारच्या लिसम्मानं सांभाळलं होतं. लिसम्मा केरळची, स्वतः ओली बाळंतीण. आपल्या पोराला एका बाजूला आणि माझ्या पोरीला दुसऱ्या बाजूला घेऊन पाजायची. देवमाणूस. पण लिसम्माला काही मी विमानात आणू शकत नव्हतो. बाटलीची सवय करा, असं तीही बजावत होती. चिमीनं काही ती लावून घेतली नाही.

विमान वर झेपावलं तसं चिमीचं रडणं वाढलं. कान दडपले असणार. तोंड लालबुंद, श्वास अडकतोय, पुन्हा किंकाळी. पुढच्या सीटवरच्या गृहस्थानं मागं वळून सांगितलं की निदान पोराला तरी पाय आपटू देऊ नका, पाठीला धक्के बसतायत. मी सुजयचा पाय धरला. तो म्हणाला, “मग तिला कसं कळणार?” मी पाय सोडून दिला. जैनबबींनी त्या गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी सांगितलं. नंतर मुंबई येईपर्यंत तो वळला नाही.

 चाळीस माणसांचा फोरमन, आणि एका तान्ह्या पोरीचं पोट भरता येईना. वैजू असती तर, एवढंच मनात येत होतं. तेवढ्यात मला खिशातला कागद आठवला.

शुक्रवारी मी मामींना फोन केला होता. करावाच लागला. वैजू दर शुक्रवारी सकाळी आईला फोन करायची, कधी चुकवायची नाही. माझा मेहुणा रोहिदास याला मी मंगळवारीच कळवलं होतं, पण त्यानं आणि भावकीनं ठरवलं की मामींना एवढ्यात सांगायचं नाही. मामींच्या हृदयाचं दुखणं जुनं. प्रेत यायला पाच-सहा दिवस, तेवढे दिवस म्हातारीला कसं सांभाळायचं? आमच्याकडे ही रीतच आहे, माणूस दारात आल्यावरच सांगायचं. त्यांना सांगितलं गेलं की चिमीच्या बारशासाठी सगळे रविवारी येतायत. सगळ्या आळीला ताकीद होती. आणि रोहिदास मला म्हणाला, “दाजी, शुक्रवारी फोन आला नाही तर तिला संशय येईल. तुम्हीच करा. आणि आल्यावर सांगायचंही तुम्हीच. माझ्यानं नाही व्हायचं.”

म्हणून मी फोन केला. मामींनी पहिलंच विचारलं, वैजू कुठाय. मी म्हणालो, अंघोळीला गेलीय.

  मग त्या बोलायला लागल्या ते थेट प्रवासाचंच. जन्मात विमान जवळून न पाहिलेली बाई मला विमानात पोरं कशी न्यायची ते सांगायला लागली. एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा एकच वाटलं, सुटलो, वैजूला फोन द्या म्हणत नाहीत. हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर मी लिहून घेतलं. नंतर पाहिलं तर ती प्रेत नेण्याच्या परवानगीची झेरॉक्स होती.

चार गोष्टी होत्या. विमान चढताना आणि उतरताना पोरीला काहीतरी पाजत राहा. माळशेज घाटात एसटी चढते तेव्हा कान दडपतात, तसंच ते. दुसरं, वाटी-चमचा हाताशी ठेवा, वरच्या सामानात टाकू नका. बाटली घेत नसेल तर चमच्यानं गालाच्या कडेनं घाला. तिसरं, वैजूची अंगावरची एखादी ओढणी घ्या, धुतलेली नको. त्यात गुंडाळलं की पोर झोपतं. आणि चौथं, थोरला काही विचारेल तर खोटं सांगू नका. झेपेल तेवढंच सांगा, पण खोटं नको. पोरं खोटं धरून बसतात.

ही चौथी गोष्ट मी आधीच पाळली होती, तीच सुजय टाचेनं वाजवत होता. कान दडपल्याचंही मघाशी आठवलं होतं. राहिल्या दोन.

पिशवीतून वाटी-चमचा काढला, मग ओढणी. जांभळी, बारीक ठिपक्यांची. मंगळवारी सकाळी तीच तिच्या खांद्यावर होती. तिला फोडणीचा वास होता, खोबरेल तेलाचा होता, दुधाचा होता. मी ती चिमीभोवती गुंडाळली. पोरीनं नाक त्यात खुपसलं आणि रडता रडता थबकली. इकडे तिकडे मान फिरवून ती शोधायला लागली. ते माझ्यानं बघवलं नाही. जैनबबींनी थर्मासमधलं पाणी वाटीत घेऊन दुधाची पूड कालवली, बोट बुडवून पाहिलं आणि वाटी माझ्या हातात दिली. पाजायचं मलाच, असा त्यांचा आग्रह होता. आता रोज तुम्हालाच करायचंय, म्हणाल्या.

पहिला चमचा गालावरून ओघळला. दुसरा अर्धा गेला. तिसरा तिनं गटकन गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. मी मोजून बावीस चमचे पाजले. पाच दिवसांत डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते त्या वाटीत पडायला लागलं तेव्हा जैनबबींनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि रुमाल दिला. चिमी ओढणीची किनार मुठीत धरून झोपली. सुजयही टाच टेकवून झोपला.

मुंबईला सामानाच्या वखारीत तीन तास गेले. रोहिदास जीप आणि एक शववाहिका घेऊन आला होता. पोरांसमोर त्यानं स्वतःला आवरलं आणि सुजयला कडेवर घेतलं. ठरलं असं की पोरांना घेऊन मी जीपमध्ये पुढं जायचं, शववाहिका आळीच्या तोंडाशी थांबवायची, आणि मी मामींना सांगितल्यावरच ती आत आणायची. माळशेज घाट चढताना जीपमध्ये कान दडपले, तेव्हा कुणी न सांगता मी चिमीला वाटी-चमच्यानं पाणी पाजलं. रोहिदास बघत राहिला. सबंध वाटेत मी ते वाक्य घोकत होतो. मामी, जरा बसून घ्या. मामी, मन घट्ट करा. जे वाक्य धरावं ते लंगडं निघायचं.

दिवस कलायला आला होता तेव्हा पोचलो. सगळी आळी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. बारशाला आलेल्या पाहुण्यांकडे असं कुणी बघत नाही. मामी उंबऱ्यावर होत्या. नेसलेलं लुगडं स्वच्छ, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात भाकरीचे तुकडे आणि पाण्याचा तांब्या. लांबून आलेलं लेकरू घरात घेताना भाकरतुकडा ओवाळून टाकतात, त्याची तयारी करून त्या उभ्या होत्या. ते ताट बघितलं आणि मी जीपच्या पायरीवरच थांबलो. एवढ्या हौसेनं उभी असलेली बाई, आणि तिला मी काय सांगणार होतो?

त्यांनी चिमीवरून दोन तुकडे ओवाळले, एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे. बोटं पाण्यात बुडवून तिच्या डोळ्यांना लावली. मग सुजयला. मग माझ्यावरूनही ओवाळले, जावयावरून ओवाळतात की नाही कुणास ठाऊक. ताटात शेवटचा एक तुकडा राहिला. त्यांनी तो टाकला नाही.

सुजय म्हणाला, “आजी, आई मागच्या गाडीत आहे. विमानात खाली होती ना.”

आळीतल्या बायकांनी तोंडं फिरवली. मी पुढं झालो. म्हणालो, “मामी, जरा बसून घ्या.”

“बसते,” त्या म्हणाल्या. “आधी पोरांना खाऊ द्या.”

आत पाट मांडलेला होता. सुजयसाठी गरम दूध-भात कालवून ठेवला होता, निवला होता, त्यात पुन्हा गरम दूध घातलं. तो भुकेजला होता, मुकाट्यानं जेवला. मामी चिमीला मांडीवर घेऊन बसल्या, ओढणीची किनार तिच्या हातून सोडवली नाही, आणि शेजारी ठेवलेली वाटी उचलली. तीत दूध होतं, चमचा होता. पाजता पाजता मान वर न करता त्यांनी मला विचारलं, “विमानात वाटी-चमच्यानं घेतलं का हिनं?”

“घेतलं. बावीस चमचे.”

“आणि ओढणीत निजली?”

“निजली.”

असं म्हणालो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आई अंगावर पाजणारी असताना पोरीला वाटी-चमचा कशाला? आई बरोबर येणार असताना तिची न धुतलेली ओढणी कशाला? शुक्रवारी मी हे सगळं आपल्या हातानं लिहून घेतलं होतं, आणि एकदाही मनात आलं नाही.

“मामी,” मी म्हणालो, “तुम्हाला माहीत होतं?”

“मंगळवारी फोन आला न् रोहिदास मागच्या दारानं न्हाणीत गेला. बराच वेळ पाणी नुसतं वाहत होतं. तेव्हाच संशय आला. बुधवारपास्नं शेजारणी कारण नसताना भाजी आणून द्यायला लागल्या. तरी म्हटलं, नसेल. शुक्रवारची वाट बघितली.” चमचा चिमीच्या ओठाशी थांबला. “माझी वैजू अंघोळीत असली तरी ओल्या केसांनी येऊन बोलायची, जावईबापू.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुम्ही तिकडं एकटे. दोन लेकरं घेऊन आभाळातनं यायचं होतं. तुम्ही दात-ओठ आवळून बोलत होता ते कळत होतं मला. मी हंबरडा फोडला असता तर तुम्ही ढासळला असता, न् पोरं कुणी आणली असती? इथं रोहिदास मला धरून बसला असता. दूध-भात कुणी केला असता? रडणं सुरू झालं की लेकरांकडे कुणी बघत नाही. मी पाह्यलंय ते. रडायला जन्म पडलाय.”

आम्ही सगळे त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ती बाई पाच दिवस आमच्यापासून लपवत होती. दुखणाईत काळीज घेऊन, एकटी, रात्रंदिवस. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, ते आजही सलतं.

चिमीचं पोट भरलं. मामींनी तिचा ढेकर काढला, दोन्ही पोरं शेजारणीच्या हवाली केली आणि मागच्या दारानं तिच्या घरी पाठवून दिली. मग ताट उचललं. म्हणाल्या, “आता आणा माझ्या पोरीला.”

शववाहिका दारात आली. पेटी उतरवून अंगणात ठेवली. मामी ताट घेऊन पुढं झाल्या तसे रोहिदासचे चुलते, भावकीतले वयानं मोठे, हलक्या आवाजात म्हणाले, “वयनी, गेलेल्या माणसावरून तुकडा ओवाळत नसतात.”

“लेक परगावाहून दारात आली की ओवाळतात ना? ही आलीय दारात.”

त्यांना कुणी अडवलं नाही. राहिलेल्या तुकड्याचे त्यांनी दोन भाग केले, पेटीवरून तीनदा ओवाळले, एक डावीकडे टाकला, एक उजवीकडे. मग बोटं तांब्यात बुडवली आणि तशीच ओली बोटं हवेत धरून थांबल्या. पेटी चारी बाजूंनी सारखी, फळ्या ठोकून बंद केलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“जावईबापू, डोकं कुठल्या बाजूला आहे?”

मी दाखवलं. त्यांनी तिथं वाकून लाकडाला पाणी लावलं, डोळ्यांना लावतात तसं, दोन ठिकाणी. मग ताट बाजूला ठेवून त्या खाली बसल्या आणि पाच दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. जुन्नरात त्या संध्याकाळी ज्यांनी तो आवाज ऐकला ते अजून त्याबद्दल बोलत नाहीत.

मी मस्कतला परत गेलो नाही. पोरं मामींच्या हाताखाली वाढली. मामी जाऊन आता अकरा वर्षं झाली. चिमी पुण्यात नोकरी करते, तिला स्वतःची दोन आहेत, एक अडीच वर्षांचा आणि एक सहा महिन्यांची. परवा तिचा फोन आला. पुढच्या आठवड्यात दोघांना घेऊन नवऱ्याकडे सिंगापूरला निघालीय, एकटीच. म्हणाली, बाबा, तुम्ही आम्हाला दोघांना एकट्यानं आणलं होतं ना, काही सांगा की, मला भीती वाटतेय.

मी सांगितलं. चढताना, उतरताना धाकटीला पाजत राहा. वाटी-चमचा वरच्या सामानात टाकू नकोस. थोरल्यानं काही विचारलं तर खोटं सांगू नकोस. ती लिहून घेत होती, मला ऐकू येत होतं.

“झालं? की आणखी काही?”

“झालं,” मी म्हणालो.

ओढणीचं तेवढं सांगितलं नाही. ती स्वतःच जातेय पोरांबरोबर.